सातव्या ओळीवरची टिक

"सायेब, ही बी गाडी गेली," असं म्हणून चौगुलेनं काचेची नळी माझ्या नाकासमोर धरली. नळीत नमुन्याचं दूध उकळवलेलं होतं. वर पिवळट पाणी, खाली चोथा. "आता तुम्हीच सांगा, ह्याचं पनीर लावू, का तुमच्या कंप्युटरच्या डोक्यावर ओतू?"

दुपारचे सव्वातीन वाजले होते. एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. भाचीचा साखरपुडा अर्धा टाकून मी गडहिंग्लजहून थेट दूध संघात आलो होतो. अंगात रेशमी झब्बा, कपाळावर कुंकू तसंच. फाटकापासून पार वजनकाट्यापर्यंत अकरा टँकर उभे होते आणि ड्रायव्हर लोक टायरच्या सावलीला बसले होते. मला बघून त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "चला, नवरदेव आले! आता लागतंय लगीन." बाकीचे हसले. माझं डोकं असं फिरलं, की तिथंच एकाच्या कानाखाली वाजवावी वाटली.

चौगुले हा डॉकवरचा मुकादम. डॉक म्हणजे टँकर लागतो ती जागा. तिथं दुधाचा नमुना काढायचा, प्रयोगशाळेनं तपासायचा, निकाल कंप्युटरवर चढला की मग मोठ्या टाकीची झडप उघडणार. निकाल नाही, तर झडप नाही. मागं भेसळीचं एक प्रकरण झालं, त्यानंतर ही पद्धत बसवली. बसवा म्हणून सांगणारा मीच, कारण संगणक विभागाचा प्रमुख मी. आणि आज सकाळी अकरापासून आमचा सर्व्हर मेलेला होता.

"अरे, मग हातानं उघडायची झडप!" मी म्हणालो.

"इचारलं की घाटगे सायेबास्नी. ते म्हणाले, शेणोलीकरांचा नियम हाय, त्यांनाच येऊ द्या."

घाटगे आमचे कार्यकारी संचालक. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना हटकून दुसऱ्याचे नियम आठवायचे. मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेलो.

सर्व्हरच्या खोलीत शाहीन मुजावर एकटीच बसली होती. माझ्या हाताखाली तीन वर्षं कंत्राटावर काम करणारी मुलगी. मिरजेची, सव्वीस वर्षांची, घरात कमावणारी ती एकटीच. एक मे रोजी तिला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. शिफारस मीच केली होती आणि मंजुरीही आली होती, फक्त सही-शिक्का बाकी होता. डबा टेबलावर तसाच बंद होता.

"काय करून ठेवलंस?"

"सर, मेन सर्व्हरवर अपडेट चढवलं. चढलं नीट. पण त्यानंतर डेटाबेस सुरूच होईना. म्हणून मागं जायचं ठरवलं, बॅकअप परत चढवायला घेतला, तर..."

"तर काय?"

"बॅकअप रिकामा आहे, सर."

"कालचा?"

"सगळेच. दिवाळीपासूनचे."

मी खुर्चीत बसलो. दिवाळीनंतर माझ्याच सांगण्यावरून आम्ही सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदलला होता. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला कुणी नवा पासवर्ड सांगितला नाही. तो बिचारा रोज पहाटे यायचा, दार बंद बघायचा, आणि तरी त्या दिवसाच्या तारखेची एक रिकामी फाइल करून पडद्यावर हिरवी खूण उमटवून जायचा. पाच-सहा महिने आम्ही ती हिरवी खूण बघून खुशीत होतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मी तुला काय सांगितलं होतं? फॉर्मप्रमाणे कर म्हटलं होतं ना?"

"हो, सर."

म्हटलं होतं खरं. सकाळी साडेनऊला तिचा फोन आला होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्याचे कंप्युटर म्हणे कुणी बाहेरून घुसून कुलूपबंद केले, ते ऐकून घाटगे साहेबांचं धाबं दणाणलं आणि त्यांनी फर्मान काढलं, की सुरक्षेचं ते राहिलेलं अपडेट आजच्या आज मेन सर्व्हरवर चढलं पाहिजे. "सर, तुम्ही सोमवारी याल तोवर थांबू का?" असं तिनं विचारलं. समोर पाहुणे बसलेले, ताई हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभी. मी म्हणालो, "फॉर्म कशासाठी केलाय मी? फॉर्म भर आणि कर. दर वेळी मला काय विचारतेस?"

हा फॉर्म म्हणजे माझा अभिमान होता. सर्व्हरला हात लावायच्या आधी भरायचा एक कागद, त्यावर दहा ओळी. अपडेट आधी चाचणीच्या मशीनवर चढवून पाहिलं का? डॉकला कळवलं का? गाड्या कमी असतात ती वेळ निवडली का? आणि सातवी ओळ : बॅकअप परत चढवून, उघडून पाहिला का? प्रत्येक ओळीपुढं टिक करायची. खाली दोन सह्या, एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. एकाच्या हातावर दुसऱ्याची नजर पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगायचो. तालुक्यातल्या दोन पतसंस्थांनी माझा फॉर्म मागून नेला होता. त्याचा एक भरलेला नमुना प्लॅस्टिकमध्ये घालून मी सर्व्हरच्या खोलीत भिंतीला लावला होता.

"फॉर्म भरलास?"

"भरला."

"सातव्या ओळीला टिक केलीस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"केली, सर."

"बॅकअप न उघडता?"

"हो."

मग मी जे बोललो ते आज आठवलं तरी कान गरम होतात. डोळे मिटून टिका मारता, तुम्हा लोकांना शिकवून काय उपयोग, तीन वर्षं काय पाट्या टाकल्यास, चार शेळ्या राखल्या असत्यास तर त्यांनी तरी दूध दिलं असतं! दार सताड उघडं होतं. प्रयोगशाळेतल्या बायका जिन्यात थांबून ऐकत होत्या. शाहीन मान खाली घालून उभी राहिली आणि माझा श्वास संपल्यावर म्हणाली, "चुकलं, सर. पण एक आहे. चाचणीच्या मशीनवर हे अपडेट लावून बघायचं म्हणून मी मेन सर्व्हरची कॉपी तिथं घेतली होती. नऊ दिवस झाले. ती चालू आहे. ती पुढं आणली, तर डॉक सुरू होईल. मधल्या नऊ दिवसांचे निकाल प्रयोगशाळेच्या वह्यांतून मी हातानं भरते."

"मग हे आधी का नाही केलंस?"

"साहेब म्हणाले, शेणोलीकर येईपर्यंत कशाला हात लावू नका."

आणलं आम्ही ते मशीन पुढं. माझ्यापेक्षा तिचेच हात जास्त चालले. पाच वाजून वीस मिनिटांनी झडप उघडली आणि खाली ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. पण तोवर चार टँकर गेले होते. ते दूध मागच्या नाल्यात सोडलं. चौगुले एरवी अखंड बडबड करणारा माणूस, तो नाल्याकडं पाठ करून उभा राहिला. "चार-चार म्हशींची घरं हाईत ही, सायेब," एवढंच म्हणाला. त्याची स्वतःची सासुरवाडी त्यातल्याच एका गाडीच्या वाटेवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटगे साहेबांनी बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यात नाल्यातल्या पांढऱ्या पाण्याचा फोटो.

"शेणोलीकर, अध्यक्षांचा दोनदा फोन आलाय. बारा वाजेपर्यंत अहवाल पाहिजे. काय झालं ते एका पानात, आणि कुणामुळं झालं ते एका ओळीत. चूक कुणाची आहे?"

"फॉर्ममध्ये खोटी टिक केली आहे, साहेब."

"कुणी?"

"मुजावरांनी."

"मग लिहा तसं. मला काय, एक नाव पाहिजे."

मी बाहेर आलो तेव्हा मला खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटत होतं. माझा फॉर्म बरोबर होता, माझा नियम बरोबर होता. माणूस नियम पाळत नाही त्याला मी काय करणार? अहवालाला जोडायला म्हणून मी फायलीतून कालचा फॉर्म काढला. दहा ओळी, दहा टिका. करणाऱ्याची सही : शाहीन मुजावर. तपासणाऱ्याची सही...

तपासणाऱ्याची सही माझी होती.

पहिल्यांदा वाटलं, पोरीनं खोटी सही ठोकली. खरंच सांगतो, तसंच वाटलं. चवताळून तिच्या टेबलापाशी गेलो. ती प्रयोगशाळेच्या वह्या उघडून निकाल भरत बसली होती. मी फॉर्म तिच्यासमोर आपटला.

"ही कुणाची सही?"

"तुमची, सर."

"मी काल गडहिंग्लजला होतो!"

तिनं खालचा खण उघडला आणि कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा बाहेर काढला. सहा-सात असतील. वरच्या दहा ओळी कोऱ्या, तारीख कोरी, करणाऱ्याची जागा कोरी. आणि प्रत्येकावर तपासणाऱ्याच्या जागी माझी वळणदार, शेपूट काढलेली सही.

मग आठवलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती गठ्ठा घेऊन यायची आणि मी चहा पिता पिता, फोनवर बोलता बोलता सह्या करत जायचो. माझ्या मागं काम अडू नये म्हणून. ही पद्धतही मीच पाडली होती. सुरुवातीला ती दर वेळी फॉर्म भरून आणायची तेव्हा मी तिला झापलं होतं, की पोरी, मला दुसरी कामं नाहीत का, एकदाच घेऊन ये सगळे. आणि मला ते आठवतही नव्हतं. रोज दात घासलेले कुणाला आठवतात?

"काल का नाही बोललीस?" माझा आवाज खाली आला होता. "एवढं बोललो मी तुला, सगळ्यांसमोर."

"काय बोलणार, सर? कोरे फॉर्म मीच आणत होते. ते चुकीचं आहे हे मलाही कळत होतं. आणि टिक मीच केली."

"पण का केलीस? बॅकअप उघडून बघायला काय धाड भरली होती?"

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये माझा नमुना होता. कामावर आलेल्या नव्या माणसाला मी त्याच्यासमोर उभं करायचो आणि म्हणायचो, हे बघ, असा भरायचा. करणाऱ्याची सही माझी. तारीख तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे चाचणीचं मशीन संघात यायच्याही आधीची. आणि सातव्या ओळीपुढं ठसठशीत टिक. तेव्हा बॅकअप परत चढवून बघायला आमच्याकडं दुसरं मशीनच नव्हतं. त्या दिवशी मी कुठं चढवला होता, कुठं उघडला होता?

"मी आले तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, सर. सातव्या ओळीचं काय करायचं असतं म्हणून. तुम्ही म्हणालात, ते असतंच, टिक कर."

मी पुढच्या खुर्चीत बसलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पाच-पन्नास माणसांना मी ती ओळ वाचून दाखवली होती, आणि जन्मात एकदाही ती केली नव्हती. तिच्याजवळ वही पडली होती, त्यात ती निकालांवर पेन्सिलीनं खुणा करत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "सर, माझं पत्र निघेल ना?"

"बघतो मी," मी म्हणालो.

बघितलं काय, ते ऐका. अहवाल लिहायला बसलो. आधी लिहिलं : तपासणारा म्हणून जबाबदारी माझी आहे. ते खोडलं. मग नुसतं तिचं नाव लिहिलं. तेही खोडलं, एवढी लाज अजून शिल्लक होती. शेवटी सरकारी मराठी कामाला आली. "बॅकअपची पडताळणी संबंधितांकडून अनवधानाने राहून गेल्याचे दिसून येते." कोण संबंधित, कुणाचं अनवधान, काही पत्ता नाही. वाक्य वाचून मलाच वाटलं, वा, कुणाचं नाव न घेता निभावलं. फॉर्म जोडला नाही. बाराला पाच कमी असताना घाटगे साहेबांपुढं कागद ठेवला.

त्यांनी वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "नाव नाही घातलंत?"

"तसं... पद्धतीचाही दोष आहे, साहेब."

"फॉर्म कुठाय?"

"लागला तर देतो."

त्यांनी माझ्याकडं दोन क्षण नीट बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की हा माणूस दिसतो तेवढा भोळा नाही. मग ते म्हणाले, "नको. राहू द्या. ती मुलगी कंत्राटावरच आहे ना? तीस तारखेला मुदत संपते. आपण काही करायचंच नाही. पत्र काढायचं नाही, झालं. नाव नाही, चौकशी नाही, कुणाच्या सेवापुस्तकाला डाग नाही. अध्यक्षांना मी सांगतो, माणूस बदललाय म्हणून. काय?"

बोलायची वेळ होती ती. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या जिभेवर होतं ते. पण निवृत्तीला आठ वर्षं राहिली होती, चौकशी लागली असती, पतसंस्थांनी फॉर्म परत पाठवला असता, जिन्यातल्या बायकांना कळलं असतं. असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "साहेब म्हणतील तसं."

तीस एप्रिलपर्यंत ती रोज आली. नऊ दिवसांचे निकाल तिनं एकटीनं भरले आणि परत एकदा तपासले. जाण्याच्या दिवशी किल्ल्या द्यायला आली तेव्हा तिनं माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. "सर, ह्या पायऱ्या लिहिल्यात. दर शुक्रवारी बॅकअप चाचणीच्या मशीनवर चढवून बघत जा. मी दोनदा करून बघितलं. चाळीस मिनिटं लागतात फक्त."

चाळीस मिनिटं! एवढ्यासाठी चार टँकर दूध नाल्यात गेलं होतं आणि एका मुलीची नोकरी.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"बघते, सर."

"काही लागलं तर सांग हां, संकोच करू नकोस." असं मी म्हणालो. वर तिला चहा पाजला. चौगुले खालून मुद्दाम वर आला, तिच्या हातात तुपाची बरणी दिली आणि म्हणाला, "पोरी, तुज्यासारखं काम हितं कुनी केलं न्हाई." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मी कधीच विचारलं नाही.

सप्टेंबरात फोन आला. पुण्याच्या एका हॉस्पिटलातून. बाई स्वतःचं नाव देवस्थळी सांगत होत्या, तिथल्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या.

"शाहीन मुजावर तुमच्याकडं होत्या ना? आमच्याकडं मुलाखतीला आल्या होत्या. रुग्णांच्या नोंदींचे सर्व्हर सांभाळायचे आहेत, म्हणून जरा चौकशी करतेय. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की आधीच्या ठिकाणी त्यांनी बॅकअप न तपासता अपडेट केलं, खोटी टिक केली, आणि त्यामुळं मोठं नुकसान झालं. हे खरं आहे का?"

"आणखी काय म्हणाली ती?"

"आणखी काही नाही. चूक माझी होती, म्हणाल्या. कुणाचं नाव घेतलं नाही."

खिडकीतून डॉक दिसत होता, गाड्या एकामागून एक लागत होत्या. न बघितलेल्या, कधी भेटायची शक्यता नसलेल्या त्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या, भिंतीवरचा नमुना, "ते असतंच, टिक कर," सगळं. "बाई, ती शिकली ते माझ्याकडून शिकली. तिला घ्या. तिच्यासारखं माणूस तुम्हाला मिळायचं नाही."

पलीकडं कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला.

"हे तुम्ही तुमच्या संघात कुणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"आजपर्यंत?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आम्ही त्यांना घ्यायचं कालच ठरवलंय. अपडेट कुणाचंही फसतं हो, शेणोलीकर. न विचारता सांगणारं माणूस हवं होतं आम्हाला."

त्यांनी फोन ठेवला. घाटगे साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती आणि ते आत बसलेले मला दिसत होते. मी त्यानंतर साडेसात वर्षं नोकरी केली. ती वीस पावलं काही मी चाललो नाही.